बगळा शिंप्याकडे गेला तर: प्राण्यांची मिश्कील चित्रं जलरंगात कशी रंगवायची

राखी बगळ्याला पँट शिवायची आहे. शिंपी उंदीर आहे. गळ्यात पिवळी टेप अडकवून तो बगळ्याच्या पायाशी उभा आहे आणि माप घेता घेता अडला आहे, कारण गुडघा कुठे धरायचा तेच त्याला कळत नाही. बगळा समोर बघतोय. निदान तसं दाखवतोय तरी.

हे चित्र आपण या लेखात कोऱ्या कागदापासून शेवटच्या ठिपक्यापर्यंत नेणार आहोत. तुम्ही हाच विषय घ्यावा असं नाही, पण सगळं बोलणं हवेत राहू नये म्हणून एक चित्र डोळ्यांसमोर असलेलं बरं.

आधी माझी फजिती सांगतो. मी अशी चित्रं काढायला लागलो तेव्हाच्या दोन वह्या अजून जपून ठेवल्या आहेत. त्यांतला एक ससा बघा: डोक्यावर टोपी, नाकावर चष्मा, गळ्यात मफलर, हातात कप, खांद्यावर फुलपाखरू, मागे चंद्र. एवढं सगळं लादूनही चित्र बघून कुणी हसलं नाही, कारण त्यात ससाच नव्हता. लांब कानांची एक उशी होती आणि तिला मी कपडे घातले होते. पुढे हळूहळू उमगलं की अशा चित्रात थाप एकच मारायची आणि तीही अगदी गंभीर चेहऱ्याने. बाकी सगळं खरं हवं. बगळा शिंप्याकडे जातो, ही आपली थाप. त्याचे पाय, त्याची मान, त्याची नजर, उंदराची उंची, रिळाची उंची, यांतलं काहीही खोटं चालणार नाही.

ही युक्ती फार जुनी आहे. प्राचीन इजिप्तमधले तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचे चुनखडीचे तुकडे सापडले आहेत. त्यांतल्या एकावर उंदीर ऐटीत बसला आहे आणि मांजर त्याच्या सेवेला उभं आहे. जपानमधल्या बाराव्या-तेराव्या शतकातल्या एका प्रसिद्ध चित्रगुंडाळीत बेडकाने कुस्तीत सशाला चीत केलं आहे. नुसत्या शाईच्या रेषा आहेत, पण ससा उताणा पडला तरी ससाच दिसतो आणि बेडूक बेडूकच.

साहित्य, थोडक्यात

यावर पानंच्या पानं लिहिता येतील, पण सुरुवातीला एवढं पुरे. कागद 300 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा घ्या, जमल्यास सुती. याहून पातळ कागद पाणी लागताच फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. कोल्ड प्रेस कागदाला हलका खरखरीत पोत असतो, हॉट प्रेस गुळगुळीत असतो. मिशा, पिसं असलं बारीक काम हॉट प्रेसवर सुरेख उठतं, पण मोठा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर देताना त्यावर पट्टे पडतात. त्यामुळे पहिली दहा-बारा चित्रं कोल्ड प्रेसवरच करा.

गोल ब्रश तीन: 8, 4 आणि 1 नंबरचा. टोक चांगलं जुळणारा एक मोठा ब्रश पाच स्वस्त बारीक ब्रशांपेक्षा जास्त कामाला येतो. रंगांत अल्ट्रामरीन निळा, बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा), एक स्वच्छ पिवळा आणि एक गुलाबी. शिवाय पांढऱ्या ग्वाशची, म्हणजे खालचं झाकणाऱ्या अपारदर्शक जलरंगाची छोटी ट्यूब. काळा घेऊ नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून जो गडद करडा होतो, तो कुठल्याही तयार काळ्यापेक्षा जिवंत असतो. निळा वाढवला की थंड, तपकिरी वाढवला की उबदार. गुलाबी घेताना जुन्या पद्धतीचा अलिझरिन क्रिमसन टाळा, तो उजेडात उडतो. पेन्सिल एचबी, मळायचं रबर, ट्रेसिंग पेपर, मास्किंग टेप आणि पाण्याची दोन भांडी, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ पाण्याचं. दुसरं भांडं लागतं कशाला असं वाटेल. पिवळा रंग गढूळ झाला की कळेल.

प्राणी आधी ओळखीचा करून घ्या

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. रंगकाम दोन दिवसांत उरकतं. बगळ्याशी ओळख व्हायला मला तीन आठवडे लागले होते.

जमेल तिथे जिवंत प्राणी बघून काढा. तो हलणारच. त्यावर उपाय सोपा आहे. एका पानावर पाच-सहा रेखाटनं एकदम सुरू करा. प्राणी वळला की अर्धवट चित्र तसंच सोडून दुसऱ्याला हात घाला. बहुतेक प्राणी थोड्या वेळाने पुन्हा त्याच पवित्र्यात येतात, मग पहिल्याकडे परता. डोळे-कान सध्या राहू द्या. आधी पाठीच्या कण्याची एक रेघ, मग खांदा आणि कंबर कुठे आहेत त्याचे दोन ठिपके, मग पायांचे सांधे. अर्ध्या मिनिटात एवढंच होतं आणि एवढंच हवं असतं.

सांध्यांबद्दल एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. बगळ्याचा पाय मध्येच उलटा, मागे मोडल्यासारखा दिसतो आणि आपण त्याला गुडघा म्हणतो. तो गुडघा नाही, घोटा आहे. खरा गुडघा वर, पोटाच्या पिसांत लपलेला असतो आणि आपल्यासारखाच पुढे वाकतो. घोट्याखाली जी लांब काडी दिसते ते पाऊल, आणि बगळा उभा असतो बोटांवर. कुत्रा, मांजरही बोटांवरच चालतात. घोडा तर पायाच्या एकाच बोटाच्या टोकावर, नखावर उभा असतो. त्या नखालाच आपण खूर म्हणतो. अस्वल मात्र माणसासारखं पूर्ण तळपाय टेकवतं. म्हणून अस्वलाला दोन पायांवर उभं केलं तर ते सहज पटतं आणि घोड्याला केलं तर चित्र अवघडून जातं. हे एकदा कळलं की आपल्या चित्रातल्या उंदराची अडचण आपोआप सुचते, मुद्दाम विनोद शोधावा लागत नाही.

मानेकडेही बघा. बगळ्याची मान एकसारखी नागमोडी नसते. तिच्यातला सहावा मणका वेगळ्या घडणीचा असतो, त्यामुळे मान एका जागी चक्क मोडल्यासारखी दिसते. ती मोड काढली नाही तर बगळ्याचा हंस होतो. जिराफाची गंमत उलटी. मान एवढी लांब, पण मणके आपल्याइतकेच, सात. तेव्हा ती सापासारखी वळवू नका, लांब लांब दांड्या जोडल्यासारखी वाकवा.

डोळ्यांत तर प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. माझी पहिली शेळी शिंगं लावलेल्या कुत्र्यासारखी दिसायची. का, ते कितीतरी दिवस कळेना. मी तिला गोल बाहुली दिली होती. शेळीची बाहुली आडवी, लांबट आयताकृती असते, आणि चरायला मान खाली घातली तरी डोळा फिरून ती जमिनीला समांतरच राहते. घुबडाचे डोळे गोल नसून नळीसारखे असतात, ते खोबणीत फिरत नाहीत. म्हणून त्याला अख्खी मान वळवावी लागते. तिरक्या नजरेने बघणारं घुबड काढलंत तर पक्षी ओळखणारा माणूस लगेच पकडेल.

प्रत्यक्ष बघता येत नसेल तर फोटो वापरा, पण एकाच फोटोवर विसंबू नका. पाय एकातून, मान दुसऱ्यातून, उजेड तिसऱ्यातून असं जमवा. दुसऱ्याचा फोटो जसाच्या तसा उतरवणं योग्य नाहीच, शिवाय त्याने चित्रही बांधून टाकल्यासारखं होतं. आणि ऐकीव माहितीवर तर मुळीच जाऊ नका. जर्मन चित्रकार अल्ब्रेख्त ड्यूररने 1515 साली गेंड्याचं लाकडी ठशाचं चित्र केलं ते गेंडा न बघता, कुणाचं वर्णन आणि एक कच्चं रेखाटन यांच्या आधारावर. अंगावर चिलखताचे पत्रे आले आणि मानेमागे एक जादा छोटं शिंगही उगवलं. चित्र जगभर गाजलं हे खरं, पण ते ड्यूरर होते.

थाप शोधायची कशी

नवशिके विचारतात, कल्पना सुचते कुठून? मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो. या प्राण्याच्या अंगात असं काय आहे जे माणसांच्या जगात अडचणीचं ठरेल, किंवा अचानक फायद्याचं?

हत्तीचं उदाहरण घ्या. त्याच्या पायातली हाडं बोटांच्या टोकांवर उभी असल्यासारखी असतात आणि त्यांखाली चरबीची जाड गादी असते. म्हणून एवढं धूड असूनही तो आवाज न करता चालतो. झालं, रात्री घर फोडणारा हत्ती. बेडकाच्या पुढच्या पायांना चारच बोटं असतात, मागच्यांना पाच. बेडूक हातमोजे घ्यायला गेला तर एक बोट रिकामं लोंबत राहणार. घुबड मान सुमारे 270 अंश फिरवू शकतं. त्याला गाडी मागे घ्यायला आरशाची गरज काय? शेजारच्या सीटवर बसलेल्याचा जीव मात्र टांगणीला.

कल्पना सुचली की तिची परीक्षा घ्या. प्राणी बदलून बघा. बगळ्याच्या जागी ससा ठेवला तर उंदीर शिंप्याची अडचण उरते का? नाही उरत. म्हणजे कल्पना पक्की. पुस्तक वाचणारं मांजर, पुस्तक वाचणारा कुत्रा, पुस्तक वाचणारं अस्वल, सगळं सारखंच चालत असेल तर ती सजावट झाली. सजावटही सुंदर असू शकते, पण लोक ती बघून पुढे जातात.

आता छोटे आराखडे काढा, काडेपेटीएवढे, दहा-बारा. ते सुंदर दिसायला नकोत. त्यांत दोनच गोष्टी ठरवायच्या असतात: कुठला क्षण आणि कुठून बघायचं. पहिल्या आराखड्यात माझा उंदीर टेप घेऊन येत होता. निरर्थक. दुसऱ्यात पँट शिवून झाली होती आणि बगळा आरशासमोर उभा होता. बरं होतं, पण एक घाव दोन तुकडे. हसून झालं की संपलं. सातव्या आराखड्यात उंदीर घोट्याला टेप लावून थबकला होता आणि वर बघत होता. तिथे माझा हात थांबला. कारण बगळे उंदीर खातात. राखी बगळा मासे, बेडूक यांच्याबरोबर छोटे उंदीरही गिळतो. गिऱ्हाईक बिल देणार की शिंप्याला गिळणार, हे चित्रात कुठेच लिहिलेलं नाही, पण बघणाऱ्याला जाणवतं. कुठलाही प्रसंग निवडताना काहीतरी घडायच्या किंचित आधीचा क्षण घ्या.

मापं खरी ठेवा

मिश्कील चित्रात सगळं चालतं असं समजून लोक उंदीर बगळ्याच्या निम्म्या उंचीचा काढतात. तिथेच गंमत मरते. राखी बगळा उभा राहिला की जवळपास एक मीटरचा. त्याच्या बोटांपासून घोट्यापर्यंतची काडी साधारण पंधरा सेंटिमीटर. घरातला उंदीर शेपटी सोडून आठ-नऊ सेंटिमीटर. मागच्या पायांवर उभा राहून हात वर केले तरी त्याला घोटा गाठता येत नाही. मग त्याला उभं राहायला काय द्यायचं? शिंप्याकडे जे असतं तेच. पाच-पाच सेंटिमीटरची दोन रिळं एकावर एक. आता त्याचं डोकं घोट्याच्याही थोडं वर जातं आणि टेप बरोबर सांध्यावर येते. हे मी कल्पकतेने सुचवलं नाही, पट्टीने मोजलं. खरी मापं घेतली की निम्म्या कल्पना तीच पुरवतात.

एक मीटरचा पक्षी आणि त्याच्या पायाशी नऊ सेंटिमीटरचा शिंपी, म्हणजे कागद उभा धरावा लागणार हे उघड आहे. उंदीर तळाशी, बगळ्याचं डोकं अगदी वर, आणि मधे पायांची लांबलचक मोकळी जागा. ती मोकळी जागा भरायचा मोह होईल. टांगलेले कपडे, शिलाई मशीन, भिंतीवर घड्याळ असं काय काय सुचेल. मी एक कात्री खाली ठेवली आणि थांबलो.

चेहरा आणि कपडे

माणसाची भुवई आणि माणसाचं हसू प्राण्याला चिकटवू नका. प्राण्याकडे भाव दाखवायला स्वतःची साधनं आहेत: डोक्याचा कल, पापणी, कानांची दिशा, मिशा, अंगावरचे केस किंवा पिसं, आणि दोघांमधलं अंतर. उंदीर कशाचा कानोसा घेत असला की त्याच्या मिशा पुढे झेपावतात. आपल्या उंदराच्या मिशा पुढे आणि कान मात्र किंचित मागे, म्हणजे काम चालू आहे पण जीव मुठीत आहे.

मोठं डोकं, उंच कपाळ, खाली सरकलेले मोठे डोळे, गोबरे गाल. असं काही दिसलं की आपल्याला ते बाळासारखं गोड वाटतं, हे प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक कोनराड लोरेंत्झ यांनी 1943 मध्ये मांडलं. ही युक्ती नक्की लागू पडते आणि म्हणूनच बेतानं वापरा. प्रत्येक प्राण्याला बशीएवढे डोळे दिले की सगळे एकाच आईची लेकरं दिसू लागतात. आपल्या चित्रात उंदराचे डोळे रतिभर मोठे केले, बगळ्याचे अजिबात नाही. त्याचा बारीक, पिवळा, थंड डोळाच कामाचा.

त्या डोळ्याची एक खुबी आहे. बगळ्याचे डोळे अशा बेताने बसवलेले असतात की चोच समोर आडवी धरूनही त्याला स्वतःचे पाय दिसतात. म्हणजे चोच समोर, मान ताठ, अगदी सभ्य गिऱ्हाईक. पण शिंपी त्याला दिसतोय. मला हे वाचनातून कळलं तेव्हा चित्र अर्धं झालं होतं आणि बगळ्याचं डोकं मी खाली झुकवलं होतं. ते चित्र बाजूला ठेवून पुन्हा सुरुवात केली. वाईट वाटलं, पण दुसरं चित्र कितीतरी सरस झालं.

कपड्यांबद्दल फार सांगत नाही. चार पायांच्या बहुतेक प्राण्यांचे खांदे आपल्यासारखे बाहेर निघालेले नसतात, छाती अरुंद आणि खोल असते. त्यामुळे सदरा त्यांच्या अंगावर खांद्यावरून नाही, मानेवरून लोंबतो. शेपटीला जागा ठेवा. अंगात पूर्ण पोशाख घालण्यापेक्षा एखादी वस्तू पुष्कळदा जास्त बोलते. आपल्या शिंप्याला मी टेप आणि मनगटावर टाचण्यांची गादी एवढंच दिलं.

रेखाटन चांगल्या कागदावर नेताना

खाडाखोड सगळी साध्या कागदावर करा. जलरंगाच्या कागदावर खोडरबर घासलं की वरचा थर उचकटतो आणि तिथे रंग डागासारखा शोषला जातो. पक्कं रेखाटन ट्रेसिंग पेपरवर घ्या, मागच्या बाजूने पेन्सिल फिरवा, कागदावर ठेवून पुढून हलक्या हाताने गिरवा. कागद पातळ असेल तर खिडकीच्या काचेवर धरूनही उतरवता येतं. मग मळायचं रबर घासायचं नाही, नुसतं दाबून उचलायचं. रेघ जेमतेम दिसेल इतकी फिकी राहू द्या. कागद चारही बाजूंनी टेपने पाटाला चिकटवा.

रंगाला हात लावायच्या आधी पाच मिनिटं पेन्सिलने तीनच छटांत एक छोटं चित्र करा: पांढरा, मधला करडा, गडद. सगळ्यात गडद आणि सगळ्यात उजळ भाग शेजारी शेजारी कुठे येतात तिकडे नजर आधी जाते. ती जागा बगळ्याचं डोकं किंवा उंदीर हवी. माझ्या पहिल्या प्रयत्नात ती कात्री निघाली.

आता रंग

जलरंगात पांढरा कागद हाच पांढरा रंग. बगळ्याची मान आणि कपाळ पांढरं आहे, म्हणजे तिथे काहीच लावायचं नाही, भोवतालच्या रंगाने ते उठवायचं. म्हणून आधी पार्श्वभूमी. यलो ऑकरमध्ये चिमूटभर बर्न्ट सिएना, भरपूर पाणी, मोठा ब्रश, वरून खाली एका दमात. पाट थोडा तिरका ठेवा म्हणजे रंगाचा थेंब खालच्या काठावर जमतो आणि पुढच्या फटकाऱ्यात त्याला खाली ओढता येतं. मधे थांबलात तर तिथे रेघ उमटेल.

नवशिक्यांची चित्रं बिघडतात ती बहुतेक याच वेळी. वॉश अर्धवट वाळलेला असताना कुठेतरी डाग दिसतो आणि तो पुसायला ओला ब्रश टेकवला जातो. ते जादा पाणी ओलसर रंगाला बाहेर ढकलतं आणि फुलकोबीसारखी कडा उमटते. एकदा उमटली की जात नाही. कागद चमकत असेल तर ओला आहे, त्यात रंग सोडू शकता. चमक गेली पण हाताच्या पाठीला गार लागतो, तर हात मागे घ्या. खोली सोडून बाहेर जा. मी खरंच जातो.

पूर्ण वाळलं की बगळ्याचं अंग. अल्ट्रामरीन जास्त, बर्न्ट सिएना कमी असा निळसर राखी रंग पंखावर घाला आणि तो ओला असतानाच पोटाकडे थोडा तपकिरी सोडा. दोन्ही रंग आपापसात मिसळतील, ब्रशने ढवळू नका. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि आपोआप दाणेदार पोत येतो, पिसांचं निम्मं काम तोच करतो. रंग वाळल्यावर फिका पडतो, म्हणून ओला असताना जरा जास्तच गडद वाटायला हवा. त्याच कागदाची एक पट्टी शेजारी ठेवून आधी तिच्यावर लावून बघत जा.

एकेक पीस काढत बसू नका. पंखाचे मोठे गट पाडा आणि दुसऱ्या थरात फक्त सावलीच्या कडा द्या. बगळ्याच्या छातीवर लांब लोंबती पिसं असतात, ती 1 नंबरच्या ब्रशने मोजून दहा-बारा, अंगाच्या कडेला पार्श्वभूमीवर येतील अशी. कडेला दिसलं की बघणारा बाकीची मनानेच भरतो. डोळ्यावरून मागे जाणारा काळा पट्टा आणि लोंबता तुरा गडद करड्याने. एका फटकाऱ्यात, श्वास रोखून.

उंदरासाठी पद्धत उलटी. बर्न्ट सिएना आणि ऑकरचा उबदार वॉश, आणि तो ओला असतानाच कडा जागोजाग स्वच्छ ओल्या ब्रशने विरघळवा. लव मऊ दिसते ती रेघांनी नाही, विरलेल्या कडांनी. वाळल्यावर ब्रश जवळजवळ कोरडा करून, केस पसरवून, नाकाकडून शेपटीकडे थोडे फटकारे. दिशा चुकली की उंदीर ओला दिसतो. कानांत आणि पंज्यांत पातळ गुलाबी.

पिवळा रंग मी शेवटपर्यंत राखून ठेवला होता. शुद्ध पिवळा चित्रात दोनच ठिकाणी आहे, खाली टेप आणि वर बगळ्याचा डोळा. बघणाऱ्याची नजर टेपवरून डोळ्याकडे जाते, डोळ्यावरून टेपकडे येते आणि वाटेत उंदीर लागतो. चोचही पिवळसर असते, पण तिच्यात मी मुद्दाम करडा मिसळून तिला मंद केलं, नाहीतर तिसरा पिवळा येऊन सगळा खेळ बिघडला असता.

डोळा

आधी फिका पिवळा, चमकीसाठी बारीकशी कोरी जागा सोडून. वाळू द्या. मग वरच्या बाजूला थोडा गडद ऑकर, कारण पापणीची सावली डोळ्यावर पडते. वाळू द्या. मग बाहुली, ब्रशच्या टोकाने, मधोमध न ठेवता केसभर खाली. त्या केसभरातच सगळी कथा आहे. चमकीची जागा चुकून भरली गेलीच तर पांढऱ्या ग्वाशचा एक ठिपका, पण उजेड ज्या बाजूने येतोय त्याच बाजूला. ड्यूररच्या 1502 मधल्या सशाच्या डोळ्यात खोलीतल्या खिडकीचं प्रतिबिंब दिसतं. गेंड्याच्या वेळी फसलेला हाच माणूस, ससा मात्र त्याने स्वतः बघितलेला होता.

उंदराचा डोळा म्हणजे काळा मणी. त्यात चमक थोडी मोठी चालेल. मिशा सगळ्यात शेवटी, ग्वाशने, मुळाकडून टोकाकडे वेगात. हळू काढलेली मिशी तारेसारखी दिसते.

सावली विसरू नका. रिळांखाली, कात्रीखाली आणि बगळ्याच्या बोटांखाली गडद, बाहेर विरत जाणारी. ती नसली तर सगळे हवेत तरंगतात आणि मग मापाचा घोळ खराच वाटत नाही.

कुठे थांबायचं हे ठरवायला मी चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी उजेडात बघतो. रात्री ज्या पाच दुरुस्त्या अत्यावश्यक वाटत होत्या, त्यांतली सकाळी एखादीच उरते. कुठे रंग जास्त झाला असेल तर स्वच्छ ओल्या ब्रशने हलकेच ओलावून कोरड्या फडक्याने टिपा, एकदाच. कागदाच्या कडांची मास्किंग टेप काढताना कागद पूर्ण वाळलेला हवा, आणि ती चित्रापासून बाहेरच्या बाजूला, तिरकी, सावकाश ओढा.

मग चित्र कुणाला तरी दाखवा आणि तोंडातून चकार शब्द काढू नका. शीर्षकही सांगू नका. समोरचा आधी कुठे बघतो, मग कुठे, एवढंच टिपा. माझ्या चित्राकडे एका आठ वर्षांच्या मुलीने बराच वेळ बघितलं, उंदरावर बोट ठेवलं आणि विचारलं, "याला पळायला जागा का नाही ठेवली?" मी घरी येऊन डाव्या कोपऱ्यात, भिंतीच्या तळाशी, एक छोटंसं बीळ रंगवलं.